सांगवीची ज्वारी आणि माझी पक्ष्यांची यादी

गेल्या गुढीपाडव्याला तुम्ही दोघा नातवंडांनी फोनवर मला जो नियम घालून दिला, तो मी वर्षभर पाळला, हे आधीच सांगून टाकते. सायकलवर बसून जिथवर जाता येईल तिथलाच पक्षी यादीत घ्यायचा. गाडीतून दिसलेला चालणार नाही, टीव्हीवरचा चालणार नाही, नुसता आवाज ऐकलेला तर मुळीच नाही. तुमच्याकडे बर्फ असतो म्हणून तुम्हाला शाळेच्या बसमधून दिसलेल्या पक्ष्यांची सवलत आणि मला मात्र कसलीच नाही, हे काही न्यायाला धरून नव्हतं. पण तुम्ही दोघं आणि मी एकटी, बहुमत तुमचं होतं.

माझी हिरवी सायकल तुम्ही पाहिली आहे. टोपलीत दुर्बीण, पाणी, गूळशेंगदाण्याची पुडी आणि आखलेली वही. वहीत पाच रकाने: तारीख, वेळ, जागा, पक्षी आणि 'काय करत होता'. शेवटचा रकाना मी हट्टाने ठेवला. नुसतं नाव लिहून मोकळं होणं मला शाळेतही चालत नसे. पक्षी दिसला म्हणता, तर तो काय करत होता ते सांगा. आजोबा रोज सकाळी दारात उभे राहून विचारायचे, "आज कुणाची हजेरी घ्यायचीय?" आणि मी परत आले की गैरहजर कोण होतं तेही विचारायचे.

उन्हाळ्यात काही अडचण आली नाही. कालव्याच्या कडेने सावली असते आणि पाणी सोडलेलं असलं की पक्षी आपणहून काठावर येतात. तारेवर वेडे राघू ओळीने बसलेले, रस्त्याकडेच्या वडावर तांबट ठोकत असलेला, नांगरलेल्या रानात टिटवी पिल्लांना घेऊन तुरुतुरु पळताना. बहुतेक पक्ष्यांची इंग्रजी नावं मला पुस्तकातून पाठ होती. मराठी नावं मात्र मी या वर्षीच शिकले, चहाच्या टपरीवर, विहिरीवर, कुणाकुणाच्या बांधावर.

एका गोष्टीने मात्र मी कंटाळले होते. बारामतीतून कुठल्याही बाजूला सायकल वळवा, थोड्या वेळात दोन्हीकडे ऊस लागतो. दिवाळीच्या सुमाराला तर तो इतका उंच असतो की बोळातून चालल्यासारखं वाटतं. आत काय आहे ते दिसत नाही, आणि काही असेल असं वाटतही नाही. वहीत मी तेवढ्या रस्त्यासाठी एकच ओळ लिहायची: 'ऊस. काही नाही.'

सांगवीच्या वाटेवर गणपतीच्या दिवसांत माझ्या सायकलची चेन उतरली, ती नेमकी अशाच बोळात. शेजारी एक वस्ती होती. तिथून माझ्याच वयाची एक बाई हातात तांब्या घेऊन आली. आधी पाणी दिलं, मग चेनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुमी आमच्या दादाच्या इंग्लिशच्या बाई न्हवं?"

मी म्हटलं, असेन. बारामतीच्या शाळेत मी इतकी मुलं शिकवली की नकार देण्याची सोयच नाही.

"पस्तीस दिलं व्हतं तुमी त्याला. आजून नाव काढतो."

"पस्तीस म्हणजे पास केला की."

"तेच म्हनतो. बाईंनी ढकललं म्हून सुटलो म्हनतो. या, बसा. चेन तो बसवून देईल, तेवढं इंग्लिश न्हाय लागत त्याला."

त्यांना सगळी वस्ती आक्का म्हणते, मीही आक्काच म्हणू लागले. दादा म्हणजे त्यांचा मुलगा, आता पस्तिशी ओलांडलेला, कारखान्याचा सभासद. तीन एकर ऊस, दोन गायी. चेन बसवून त्याने हात पुसले आणि माझ्यासमोर उभा राहिला तो थेट बाकावर उभं केल्यासारखा. मलाच हसू आलं.

त्या दिवसापासून सांगवीकडे गेले की मी तिथे थांबू लागले. घराच्या मागे, उसाला लागून, बारा गुंठ्यांचा एक तुकडा मोकळा होता. आक्का त्यात दरसाल ज्वारी पेरतात. आसपास दुसऱ्या कुणाची ज्वारी राहिलेली नाही, सगळ्यांचा ऊसच. दसऱ्याच्या आधी मी गेले तेव्हा पेरणीवरून मायलेकांची जुंपली होती.

"आये, समदा ऊस आन मधी ही टिकली. टॅक्टर वळवायला सुदिक जागा ऱ्हात न्हाय."

"तुला वळायला जागा न्हाय आन मला भाकरीला दाना न्हाय."

"इकत मिळती की ज्वारी."

"इकत उद्या आयबी मिळंल."

दादा मागे हटला नाही. त्याचंही खोटं नव्हतं. मागच्या साली त्या तुकड्यात पाखरांनी फारसं काही ठेवलं नव्हतं. पूर्वी सगळं शिवार एकदम पेरायचं, त्यामुळे पाखरंही वाटली जायची. शिवाय प्रत्येक घरचं कुणी ना कुणी माळ्यावर, म्हणजे रानातल्या मचाणावर, बसून गोफण फिरवत राखण करायचं. आता अख्ख्या शिवारात एवढंच ताट वाढलेलं, तर जेवायला सगळे इथेच येणार. त्याला तिथे ऊसच लावायचा होता, म्हणजे रान सलग झालं असतं.

"यंदाचं बघू," तो शेवटी म्हणाला. "पाखरांनी खाल्ली, तर पुढच्या सालाला ऊस. मग रडायचं न्हाय."

"आन न्हाय खाल्ली तर?"

"तर बघू."

"बघू न्हाय. ऱ्हाईल म्हन. बाई साक्षीला हायत."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पाणी पीत होते.

"ऱ्हाईल," तो म्हणाला.

आक्कांना त्या ज्वारीचं एवढं काय होतं, ते मी विचारलं नाही. त्यांनी तुकड्यातुकड्याने सांगितलं. गायींना कडबा लागतो. विकतच्या पिठाची भाकरी थापताना चिरते. संक्रांतीच्या आसपास हुरड्याला दोन्ही लेकी नातवंडं घेऊन एकत्र येतात, एरवी एक आली तर दुसरीला जमत नाही. आणि एकदा, कणगीत हात घालून दाणे चाळता चाळता, म्हणाल्या, "उसाचं समदं कारखान्यात जातं बाई. घरात काय येत न्हाय. कागुद येतो."

नोव्हेंबरात मी इंदापूरला गेले, तुमच्या मावशीआजीकडे. नियम मोडलेला नाही. सायकल आधी पाठवली: तिच्या गावचा भाजीचा टेंपो बारामतीच्या बाजारात येतो आणि रिकामा परत जातो, त्यात. तिथे पोचल्यावर सायकलवर बसूनच धरणाच्या फुगवट्याच्या पाण्याकडे गेले. रोहित पक्षी तुम्ही चित्रात पाहिले आहेत. गुडघाभर पाण्यात मान उलटी करून चिखल गाळत उभे असलेले पाहिलेत की कळतं, एवढ्या देखण्या पक्ष्याला जेवायला किती वेळ लागतो. चित्रबलाक, शराट्या, शेकाटे. एका सकाळी दोन पानं भरली. मावशीआजी काठावर दगडावर बसून वांग्यांच्या भावाबद्दल बोलत होती.

संध्याकाळी तिने मला मुद्दाम थांबवून घेतलं. "आता गंमत बघ," म्हणाली. सूर्य टेकला आणि सगळीकडून भिंगऱ्या, म्हणजे दुभंगल्या शेपटीच्या पाकोळ्या, येऊ लागल्या. वर नुसता धूर फिरल्यासारखा थवा फिरला, आणि मग कुणी चाळणीतून ओतल्यासारखा पाणकणसांच्या दाटीत उतरला. पाच मिनिटांत आकाश रिकामं. त्यानंतर कुणी तिथे आलं असतं, तर म्हणालं असतं, इथे एकही पक्षी नाही.

बारामतीला परतले, पुन्हा सांगवीची वाट धरली. ज्वारी आता माझ्या डोक्याच्या वर गेली होती आणि कणसं बाहेर पडली होती. आणि त्या बारा गुंठ्यांनी माझी यादी अशी भरायला घेतली की मी दर दोन दिवसांनी तिकडे जाऊ लागले. मुनिया, सुगरणी, पोपट. काळ्या डोक्याचे भारीट, पिवळे धमक, कणसावर बसले की कणीस वाकतं. वरून एक शिकारी भोवत्या पंख तोलत जाताना दिसला, ते या सगळ्यांवर डोळा ठेवून. आणि जानेवारी लागता लागता भोरड्या आल्या.

भोरडी म्हणजे पुस्तकातली रोझी स्टार्लिंग. डोकं काळं, अंग गुलाबी. एकटी कधी नसते. थवा वळला की आधी काळा दिसतो, मग एकदम गुलाबी, आणि त्याचा पंखांचा आवाज लांबून पावसासारखा येतो. माझ्या यादीत ती नवी होती. मी बांधावर सायकल टेकवून हसत हसत लिहीत होते: 'दूध भरलेले दाणे खात होत्या.'

आक्का माळ्यावरून खाली उतरल्या, हातात गोफण. "झाली का नवी?"

"झाली की! कसल्या सुंदर आहेत हो."

"व्हय. तुमची वही भरती तशी माझी कणसं रिकामी व्हत्यात."

त्या हसल्या, पण मी वहीतून मान वर करून कणसांकडे पाहिलं. कणसांच्या वरच्या टोकाला दाणेच नव्हते, नुसते पांढरे भुसकट. बांधाकडच्या चार ओळी अशाच.

त्यांनी सगळं करून पाहिलं होतं. जुन्या कॅसेटची फीत काढून चारी बाजूंनी बांधली होती. ती वाऱ्यावर गुणगुणायची. डब्यात खडे घालून झाडाला टांगला होता. दादाने यूट्यूबवर बघून ससाण्याचा आवाज मोबाइलवर लावून ठेवला होता. दोन दिवसांनी पोपट त्या मोबाइलशेजारी बसून खात होते. शेवटी उरली गोफण. गोफण फिरली की थवा उठायचा, शेजारच्या उसात शिरायचा, आक्का दम खायला टेकायच्या, आणि थोड्या वेळात पुन्हा पहिल्यापासून.

"उसात घातली की मी निवांत," त्या म्हणायच्या. "उसात काय खातील त्या, साकर?"

महिनाभर माळ्यावर चढउतार करून त्यांचा गुडघा सुजला. दादाला वेळ नव्हता. उसाची तोड कधीही येणार म्हणून तो सारखा रस्ता नीट करण्यात आणि चिटबॉयला फोन करण्यात गुंतलेला. (चिटबॉय म्हणजे कारखान्याचा माणूस, कुणाच्या उसाला कधी तोडणाऱ्यांची टोळी द्यायची ते सांगणारा.) तेव्हा मी म्हटलं, सकाळी मी बसते राखणीला.

आक्कांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी? पाखरं हाकलायला?"

"का? मुलं नाही हाकलली मी शाळेत?"

"पोरं बसवली तुमी, बाई. हाकलायचं येगळं."

आणि ते खरंच वेगळं होतं. गोफण मला जमेना. पहिला दगड मागे गेला, दुसरा माझ्या चपलेवर. मग मी डबा वाजवायचं ठरवलं आणि तोंडाने 'हा, हा' करू लागले. आयुष्यभर वर्गात आवाज न चढवता काम करण्याचा मला अभिमान होता. बांधावर बसलेल्या आक्का म्हणाल्या, "बाई, तुमी त्यास्नी प्लीज म्हनताय का? जरा कुणाच्या तरी नावानं वरडा!" मग मी ओरडले. काय ओरडले ते इथे लिहीत नाही. थवा उठला, आणि आक्का पदर तोंडाला लावून गदगदा हसत राहिल्या.

तिसऱ्या-चौथ्या सकाळी मला काहीतरी खटकू लागलं. माझ्या शेवटच्या रकान्यात तेच तेच येत होतं: 'उसात गेल्या', 'उसातून आल्या'. आल्या त्या दर वेळी उसातून. नदीकडून नाही, गावाकडून नाही. आणि पहाटे मी पोचायचे तेव्हा त्या आधीच तिथे असायच्या. इतक्या सकाळी कुठल्याही पाखराला लांबून येता येत नाही.

मला मावशीआजीची पाणकणसं आठवली.

त्या संध्याकाळी मी घरी फोन करून आजोबांना सांगितलं की उशीर होईल, आणि आक्कांना घेऊन घराच्या ओट्यावर बसले. तोंड ज्वारीकडे नाही, उसाकडे करून. ऊन उतरलं. पहिला थवा नदीच्या बाजूने आला, दुसरा माळाकडून, मग किती ते कळेना. वर एकदा मोठा फेर धरला आणि सगळ्याच्या सगळ्या भोरड्या दादाच्या उसात उतरल्या. साळुंक्या, मुनियाही त्यांच्या मागोमाग. थोडा वेळ आतून असा कलकलाट झाला की आपसात बोलता येईना. मग तोही थांबला. ऊस नेहमीसारखा, हिरवागार, मुका.

आक्कांनी हातातली गोफण ओट्यावर ठेवली. मग म्हणाल्या, "म्हंजे म्या रोज त्यास्नी घरी पोचवत हुते."

दादा तेवढ्यात मोटरसायकलवरून आला. आक्कांनी उभ्या उभ्याच त्याला गाठलं. "पाखरं ज्वारीमुळं येत न्हाईत, तुज्या उसात ऱ्हात्यात. झोपायला तुज्याकडं, जेवायला माज्याकडं. आन बिल मी भरायचं!"

"आये, ऊस काय मी पाखरांसाठी लावला व्हय?"

"तोडायचा कधी?"

"टोळी परवा येतीया."

"मग हिकडनं तोडाय लाव. ज्वारीच्या बाजूनं."

त्याने कपाळाला हात लावला. ते का अवघड आहे ते त्याने मला समजावून सांगितलं, आणि ते मलाही पटलं. टोळी नेहमी रस्त्याच्या बाजूने तोडत आत येते, म्हणजे ट्रॉली जवळ उभी राहते. आतून सुरुवात केली, तर तोडणाऱ्या बायकांना उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन उभ्या उसाच्या कडेने रस्त्यापर्यंत न्याव्या लागणार. टोळीचा कुठलाही मुकादम ते ऐकणार नाही. आणि रस्त्याकडून तोडत ज्वारीपर्यंत यायला आठवडा तरी लागला असता. तोवर दाणा भरायची वेळ निघून जाणार. जे जायचं ते त्याच आठवड्यात जाणार होतं.

"बाई, तुमीच सांगा," तो म्हणाला. "मी टोळीला काय सांगू? पाखरांचं आंथरून काढायचंय म्हनू?"

मी म्हटलं, "मी पस्तीसच दिले होते, पण वाक्य चांगलं करतोस."

दोन दिवसांनी टोळी आली. बीडकडची माणसं, दिवाळीनंतर घर सोडून निघालेली; सहा महिने कारखान्याच्या आसपास खोपटांत राहतात आणि फड संपला की पुढच्या फडात जातात. मी सकाळी पोचले तेव्हा बायका रस्त्याकडेला कोयत्यांना धार लावत होत्या आणि मुकादम दादाला हात हलवून नाही म्हणत होता. आक्का त्या दोघांच्या जवळसुद्धा गेल्या नाहीत. सुजल्या गुडघ्याने लंगडत त्या थेट बायकांपाशी गेल्या. तिथे मुकादमाची बायको होती, पस्तिशीची, टोळीत सगळ्यांच्या पुढे कोयता चालवणारी.

"पोरी, पानी प्यायला घराकडं या. मागं हाय वस्ती."

त्या घराकडे आल्या आणि मागे ज्वारी दिसली तशा थबकल्या. मुकादमाची बायको बांधावर गेली, एक कणीस वाकवून दाणा नखाने फोडला आणि नुसतीच उभी राहिली.

"दुधात हाय," ती म्हणाली. "आमच्याकडं आता आगट्या पेटल्या असतील. म्हातारी एकली काय करत असंल."

"किती सालं झाली हुरडा खाऊन?" आक्कांनी विचारलं.

"लगीन झाल्यापासनं ह्या दिसांत घरी कुठं असतो मावशी. हुरडा तिकडं, आमी हिकडं."

आक्का म्हणाल्या, "मग हितं खा. समद्या टोळीनं. आजच पेटवू. पर माजं एक काम हाय." आणि त्यांनी उसाकडे बोट दाखवून सगळं सांगितलं: भोरड्या, झोपणं, जेवणं, मुलाने घातलेली अट. काही लपवलं नाही. मोळ्या लांब न्याव्या लागतील हेही स्वतःच सांगितलं.

मुकादमाची बायको ऐकत होती. मग तिने उभा ऊस नजरेने मापला. "दोन दिसांत ह्या बाजूचा पट्टा पडंल," म्हणाली. "तेवढा पडला की मधी उजेड व्हईल, पाखरू आसऱ्याला ऱ्हानार न्हाई. मग आमी रस्त्याकडनं धरतो." आणि नवऱ्याला लांबूनच हाक मारली, "आवं, हिकडनं धरायचंय!"

"का म्हून?"

"म्या सांगते म्हून!"

बायकांमध्ये हशा पिकला. मुकादमाने दादाकडे पाहिलं, दादाने मुकादमाकडे. मला वाटतं त्या क्षणी दोघांचं चांगलं जुळलं.

दुपारी गवऱ्यांची आगटी पेटली. आक्का स्वतः कणसं काढत होत्या, आणि काढताना ज्या ओळीला पाखरांनी तोंड लावलं नव्हतं त्याच ओळीची काढत होत्या. मी म्हटलं, "आक्का, खाल्लेल्या बाजूची घ्या ना, ही तर तुमच्या वाट्याची." त्या म्हणाल्या, "पाव्हन्याला उष्टं वाढत्यात व्हय?" मुकादमाची बायको भाजलेलं कणीस हातावर चोळून हिरवे दाणे फुंकत होती आणि पहिली मूठ तिने मला दिली. लसणीची चटणी, गूळ, वर ताक. लहान पोरं निखाऱ्यांभोवती. यादीत त्या दिवशी मी काही लिहिलं नाही. दुर्बीण टोपलीतून काढलीच नव्हती.

तो पट्टा दोन दिवसांत नाही, तिसऱ्या दिवशी दुपारी पडला. त्या संध्याकाळी आम्ही पुन्हा ओट्यावर बसलो. थवे आले, वर फेर धरला, उरलेल्या उसावर उतरल्यासारखं केलं, पुन्हा उठले. बराच वेळ त्यांचं ठरेना. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. दिवसभर उडून आलेल्या जिवाला झोपायची जागा सापडू नये, हे बघवत नाही. शेवटी त्या नदीकडे निघून गेल्या. आक्का म्हणाल्या, "तिकडं पानकनसं हाइत लई. झोपत्याल." त्यांनाही ते लागलं असावं, नाहीतर त्या बोलल्या नसत्या.

भोरड्या यायच्या पूर्ण थांबल्या नाहीत. सकाळी उशिरा यायच्या, थोड्या असायच्या, आणि डबा वाजवला की लांब जायच्या, कारण जवळ शिरायला काही नव्हतं. तेवढी राखण दादाची बायको घरातलं आवरता आवरता करू शकली. संक्रांतीनंतरच्या रविवारी आक्कांच्या दोन्ही लेकी आल्या. मी मुद्दाम गेले नाही. त्यांचा दिवस त्यांचा.

फेब्रुवारीत काढणी झाली. मी काही तोलून पाहिलं नाही, पण कणगी भरली आणि वर एक पोतं उरलं. भरघोस म्हणता येणार नाही. बांधाकडच्या ओळी गेल्या होत्या, एक ओळ टोळीने खाल्ली होती. आक्का भाकरी थापत होत्या, मी चुलीपाशी बसले होते आणि विचारायचं धाडस होत नव्हतं. दादा बाहेर होता. पाखरांनी खाल्ली असंही म्हणता येत होतं, नाही खाल्ली असंही.

तो आत आला तो शिडी घेऊन. पाठीमागे त्याची बायको, हातात निवडलेल्या कणसांची जुडी, मोठी, टपोरी, एकाही दाण्याला धक्का न लागलेली. तो शिडीवर चढला आणि आढ्याला दोरी टाकू लागला. ज्याला पुढच्या साली पेरायचं असतं तोच बियाण्याची कणसं अशी धुराला टांगतो. आक्कांनी हातातली भाकरी तव्यावर टाकली, आणि उलटायची विसरल्या.

"आठ गुंठं," वरून दादा म्हणाला, आमच्याकडे न बघता. "चार गुंठ्यात गायींस्नी घास लावतो. आठ ज्वारीला."

"धा."

"आये, आठ."

"आठ तर आठ. पर बांधाकडची न्हाय, मधली. आन तुजा ऊस चार ओळी मागं घ्यायचा."

"चार न्हाय, दोन."

"चार. बाई साक्षीला हायत."

त्याने शिडीवरूनच माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी पाणी पीत नव्हते. मी म्हटलं, "चार."